सायगॉनमध्ये ‘१५०’ म्हणजे किती, ते आधी लिहून घ्या

२८ लाख ८० हजार डोंग. आपले ९,६०० रुपये. व्हिएतनामच्या हो ची मिन्ह सिटीत, म्हणजे जुन्या सायगॉनमध्ये, सायक्लोच्या, म्हणजे तिथल्या तीनचाकी सायकलरिक्षाच्या, तासाभराच्या फेरीचे आमच्याकडून एवढे उकळले. ठरले होते ३ लाख डोंग, म्हणजे हजार रुपये. घरचे म्हणतात, जाऊ दे, परदेशात असं चालायचंच. का जाऊ द्यायचं? मुंबईहून थेट विमानं सुरू झाल्यापासून ओळखीपाळखीतलं कुणी ना कुणी तिकडे निघालेलंच असतं, आणि बरोबर आईवडील असतात. त्यांच्यासाठी लिहितोय.

माझी आई टपाल खात्यातून निवृत्त झाली. सायगॉनमध्ये तिला एकच गोष्ट बघायची होती, तिथलं मुख्य पोस्ट ऑफिस. फ्रेंचांनी १८८६ ते १८९१ मध्ये बांधलेलं. पिवळी इमारत, आत उंच कमानदार छत, भिंतींवर रंगवलेले दोन भलेमोठे नकाशे आणि अजूनही चालू असलेल्या खिडक्या. आत जायला पैसे पडत नाहीत. आईने तिकीट घेतलं, जिभेने न लावता काउंटरवरच्या डिंकाने नीट लावलं, आणि तिच्या जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीला कार्ड टाकलं. इतकी खूश मी तिला बऱ्याच दिवसांनी पाहिली होती. बाहेर आलो आणि तो सायक्लोवाला समोर उभा.

समोरच्या नोत्र दाम चर्चची डागडुजी २०१७ पासून चालू आहे, सगळीकडे परांच्या. तो म्हणाला, चर्च बंद आहे, मी तुम्हाला ऑपेरा हाउस, सिटी हॉल दाखवतो आणि बेन थान्ह मार्केटला सोडतो. पोस्ट ऑफिस आयफेल टॉवरवाल्या आयफेलने बांधलं असंही ठोकून दिलं. (आराखडा फुलू नावाच्या फ्रेंच वास्तुविशारदाचा आहे, पण तिथे दर दुसरा माणूस आयफेलच सांगतो.) मग एक वही काढली. जुन्या गिऱ्हाइकांचे अभिप्राय, त्यात एक चक्क मराठीत: ‘माणूस विश्वासू आहे, जरूर जा.’ आईने ते मोठ्याने वाचलं आणि तिथेच तिचा विश्वास बसला. अशा वह्यांवर विश्वास ठेवू नका. कुणाकडून काय लिहून घेतलंय, फेरी संपायच्या आधी की नंतर, देव जाणे.

भाव विचारला तर त्याने तळहातावर पेनने १५० लिहिलं. एकेकाचे. आता ‘१५० म्हणजे किती ते विचारायचं होतं’ असं शहाणपण ज्यांना मला शिकवायचं आहे त्यांनी तिथल्या एखाद्या हॉटेलचं मेनूकार्ड बघून यावं. कॉफी ४५ लिहिलेली असते, म्हणजे ४५ हजार. सगळं शहर शेवटची तीन शून्यं गाळून बोलतं. १५० म्हणजे दीड लाख असंच कुणीही समजेल आणि मीही तेच समजलो. तरी भाव ठरवताना मोबाइलवर आकडा सगळ्या शून्यांसकट टाइप करा, त्याच्याकडून मान हलवून घ्या आणि त्या स्क्रीनसकट त्याचा फोटो काढा. फोटोला नाही म्हणाला तर बसू नका.

सायक्लोत माणूस एकच बसतो. प्रवासी पुढे, चालवणारा मागे, उंचावर. म्हणजे आईची गाडी वेगळी, माझी वेगळी, आणि माझा माणूस काय करतोय ते मला दिसत नाही. १९०० सालचं ऑपेरा हाउस झालं, १९०८ चा सिटी हॉल झाला, फोटो काढले, सगळं छान. मग आईची गाडी पुढे जाऊन एका गल्लीत वळली.

तो क्षण अजून डोक्यातून जात नाही. मार्केट सरळ रस्त्यावर, त्याचा घड्याळाचा मनोरा कुठूनही ओळखू येतो, मग गल्ली कशाला? मी ओरडून विचारलं. मागून उत्तर आलं, सायक्लोला मोठ्या रस्त्यावर बंदी. आणि ते खोटं नाही, मधल्या बऱ्याच रस्त्यांवर खरंच बंदी आहे. खऱ्या गोष्टीचा असा आडोसा घेतल्यावर माणसाने कसं ओळखायचं?

गल्लीत आई उतरून भिंतीला टेकून उभी होती. तिच्याजवळ तिच्या गाडीचा माणूस आणि आणखी एक, जो आधी कुठेच नव्हता. माझ्या माणसाने सीटखालून प्लास्टिक चढवलेलं दरपत्रक काढलं: एका माणसाचे १५,००,०००. दोघांचे ३० लाख. मी भांडलो, आवाज चढवला. तिसरा माणूस आईच्या आणखी जवळ सरकला. आई म्हणाली, “अरे देऊन टाक, चल इथून.” तिचे हात थरथरत होते. २४ लाखांवर तुटलं.

पाच लाखांच्या चार आणि दोन लाखांच्या दोन नोटा दिल्या. तो मोजता मोजता किंचित वळला आणि एक नोट नाचवत म्हणाला, ही वीस हजारांची आहे. पाच लाखांची नोट निळसर, वीस हजारांचीही निळसर, दोन्हींवर हो ची मिन्ह यांचा चेहरा. मी चारही मोजून दिल्या होत्या, खात्रीने सांगतो. तरी आणखी पाच लाख द्यावे लागले. ती वीस हजारांची नोट त्याने माझ्या मुठीत कोंबली. या दोन नोटा पाकिटात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा, आणि देताना प्रत्येक नोटेचा आकडा मोठ्याने म्हणा.

आता पोलिसांचं ऐका. पहिल्या चौकीतला पोरगेला अधिकारी मोबाइलवर भाषांतर करत विचारतो: गाडीचा नंबर? नव्हता. माणसाचं नाव? फोटो? गल्लीचं नाव? मी नकाशावर बोट ठेवून गल्ली दाखवली, तर म्हणाला ही आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या चौकीत गेलो तर जेवणाची सुट्टी. आईला घेऊन बाकड्यावर बसून राहिलो. सुट्टी संपल्यावर उत्तर मिळालं: पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने दिलेत ना, मग हा चोरीचा नाही, भावाचा वाद आहे. तक्रार लिहून घ्या म्हटलं, तर दुभाषा आणा. दुभाषा द्या म्हटलं, तर हॉटेलला विचारा. हॉटेलवाल्यांनी सॉरी म्हणून पाण्याची बाटली दिली. तीन माणसं भर दुपारी एका म्हातारीला घेरून लुटतात आणि तो भावाचा वाद! पर्यटकांनी भरलेल्या चौकात, पोस्ट ऑफिसच्या दारात हीच माणसं रोज उभी असणार. पोलिसांना दिसत नाहीत?

परत आल्यावर विमा कंपनीला पोलिसांचा कागद हवा, तो नाही म्हणून दावा फेटाळला. सहल कंपनी म्हणते, तो तुमचा मोकळा वेळ होता, आमची जबाबदारी नाही. त्यांच्या टूर मॅनेजरने सकाळी बसमध्ये दुकानांची नावं सांगितली, कुठे सूट मिळते ते सांगितलं. सायक्लोबद्दल एक शब्द नाही. मी ईमेलने विचारलं, हा प्रकार तुम्हाला माहीत नव्हता का? उत्तर आलेलं नाही.

पोस्ट ऑफिस आणि चर्च समोरासमोर आहेत. तिथून दोंग खोई रस्त्याने सरळ खाली चाललं की ऑपेरा हाउस, तिथून सिटी हॉल जवळच. गुडघे दुखत असतील तर ॲपवरून टॅक्सी मागवा, भाडं आधी दिसतं आणि दोघं एका गाडीत बसता. सायक्लोत बसायचंच असेल तर हॉटेलमार्फत ठरवा, भाडं हॉटेलच्या काउंटरवर भरा, आणि आईवडिलांची गाडी कायम आपल्या पुढे, नजरेसमोर ठेवायला सांगा. ती गल्लीत वळली की रस्त्यातच उतरा आणि आरडाओरडा करा, लोक बघतील याची लाज बाळगू नका. गर्दीच्या रस्त्यावर ती माणसं भांडत नाहीत.