मुलाचं जहाज मोबाइलवर: ट्रॅकिंग ॲपचा दोन वर्षांचा अनुभव

माझा धाकटा मुलगा मुंबई हायला, म्हणजे अरबी समुद्रातल्या तेलक्षेत्राला, माल नेणाऱ्या सप्लाय जहाजावर सेकंड इंजिनीअर आहे. न्हावा बंदरात डिझेल, पिण्याचं पाणी, सिमेंट, ड्रिलिंगचे पाइप भरायचे आणि रिगवर, म्हणजे समुद्रात विहिरी खणणाऱ्या तळावर, नेऊन द्यायचे. तो निघाला की हिचं सुरू होतं, "अहो, कुठवर पोचला?" त्यासाठी जहाजं दाखवणारं एक मोफत ॲप दोन वर्षं वापरतोय. ज्यांच्या घरचं कुणी ऑफशोअरला आहे, त्यांच्यासाठी लिहितो.

जहाज नावाने शोधू नका. एकाच नावाची चार-पाच निघतात; पहिले आठ दिवस मी भलतंच जहाज बघत होतो. मुलाकडून सात आकडी आयएमओ नंबर घ्या. मालक बदलो, नाव बदलो, जहाज भंगारात जाईपर्यंत तो नंबर तोच.

एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढली, त्यामुळे माहितीचं पान मी बारकाईने वाचलं. लांबी, रुंदी, बांधणीचं साल नीट मिळतं. ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे, ते जहाजाच्या आतल्या जागेचं माप. माल, इंधन, पाणी मिळून किती पेलतं ते डेडवेट सांगतं. पण सप्लाय जहाजाचा खरा कस लागतो मागच्या उघड्या डेकवर आणि डीपीवर. डीपी म्हणजे नांगर न टाकता, कॉम्प्युटरने थ्रस्टर (जहाजाचे जादा पंखे) चालवून रिगच्या शेजारी जागच्या जागी उभं राहणं. या दोन्हींबद्दल पानावर एक अक्षर नाही. असायला हवं होतं.

ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बुडालंय ते) आणि पुढचं बंदर जहाजावरची माणसं हाताने भरतात. ते जुनंच राहून गेलेलं असू शकतं, त्यावर विसंबू नका.

आता मुख्य गोष्ट. जहाज आपलं नाव आणि जागा रेडिओवरून सतत कळवत असतं, तो एआयएस सिग्नल. तो किनाऱ्यावरच्या अँटेनाला साधारण ४० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ७४ किलोमीटरपर्यंत मिळतो. मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर. म्हणजे कुलाब्याजवळचं प्राँग्ज दीपगृह मागे टाकून काही तास गेले की नकाशावर जहाज दाखवणारा बाण थांबतो. पुढचं सॅटेलाइटवरून दिसतं, पण त्याला पैसे पडतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबई हायवरच्या कामगारांचा पी-३०५ बार्ज बुडाला, तेव्हापासून आमच्या घरात समुद्राची धास्ती आहे. गेल्या जुलैत एका रात्री बाण सहा तास हलला नाही. ही देवापाशी बसून राहिली, मी दर दहा मिनिटांनी स्क्रीन बघत होतो. सकाळी मेसेज आला: "अनलोडिंग चालू आहे. जेवलो."

बाणाखाली शेवटचा सिग्नल कधी मिळाला ती वेळ बारीक अक्षरात असते. आधी ती वाचा. बाण थांबला म्हणजे जहाज थांबलं असं नव्हे, हे मला त्या रात्री कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ॲपने ती वेळ ठळक दाखवावी, एवढी एकच मागणी.

तरीही ॲप ठेवाच. आत्ता लिहिता लिहिता बाण परत आलाय, वेग ९.४ नॉट, तोंड मुंबईकडे. हिला हाक मारतो.