दर रविवारी वाढणारे मार्क

मी एका पतसंस्थेत कर्ज विभागात बसते. बावीस वर्षं लोकांची कागदपत्रं तपासतेय. जामीनदाराची सही जरा तिरकी वाटली तरी फाईल परत पाठवते. हे आधीच सांगून टाकते, कारण ‘एवढी शिकलेली बाई, गणिताच्या क्लासकडून अशी कशी फसली?’ हा प्रश्न तुमच्या मनात येणारच. तो मी स्वतःला पुष्कळदा विचारून झालाय.

लेक २०२३ साली दहावी झाली. गणितात ९६. पेढे वाटले, सायन्सला प्रवेश घेतला. ऑगस्टमध्ये कॉलेजची पहिली युनिट टेस्ट झाली आणि त्याबद्दल घरात कुणी काही बोललंच नाही. पेपर मला सापडला तो डब्याच्या पिशवीत, चार घड्या घालून ठेवलेला. २५ पैकी ७.

दहावी आणि अकरावीच्या गणितात किती मोठी फट आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दहावीत उदाहरणांचे ठरलेले प्रकार असतात, हात बसला की मार्क पडतात. अकरावीत पहिल्याच महिन्यात अंशांच्या जागी रेडियन येतात, त्रिकोणमितीची सूत्रं पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवतात, मग कॉम्प्लेक्स नंबर, लिमिट. ९६ वाल्या मुलांना याचा धक्का जास्त बसतो. लेक रडली नाही, पण जेवेनाशी झाली. त्या आठवड्यात कुणीही मला काहीही विकू शकलं असतं.

आणि विकलंच. पुण्यात सिंहगड रोडला तेव्हा उड्डाणपुलाचं काम चालू होतं, बस अर्धा अर्धा तास हलायची नाही. खिडकीतून एका साडीच्या दुकानाच्या वर लावलेला भलामोठा बोर्ड दिसायचा: अकरावी-बारावी ॲडव्हान्स मॅथ्स, बोर्ड अधिक सीईटी अधिक जेईई. वर हसऱ्या मुलांचे फोटो, फोटोखाली पर्सेंटाइल. क्लासचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे.

डेमो लेक्चर झकास झालं. पन्नाशीचे एक सर होते. फळ्यावर वर्तुळ काढून त्यांनी साइन आणि कॉस असे काही समजावले की मागच्या बाकावर बसलेल्या मलाही कळले. लेक बाहेर येताना म्हणाली, “आई, हेच सर हवेत.” काउन्सेलर मॅडमनी हिशेब मांडला: सीईटीत, म्हणजे इंजिनीअरिंगच्या राज्य प्रवेशपरीक्षेत, मॅथ्सचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, म्हणजे २०० पैकी १०० एकट्या मॅथ्सचे. “बाकीचं मुलं करतात हो, इथेच मरतात.” आकडे खरे आहेत, मी नंतर पडताळले. पोटात गोळा आणायला तेवढे पुरले.

फी दोन वर्षांची १,४४,०००. माझा चेहरा बघून मॅडम लगेच म्हणाल्या, बिनव्याजी हप्ते आहेत, महिन्याला फक्त ६,०००. टॅबवर आधार, पॅन, एक सेल्फी, तीन ओटीपी. चहा येईपर्यंत काम झालं. रात्री ईमेलवर चौदा पानांची पीडीएफ आली. मी उघडली नाही. परत सांगते, मी कर्ज विभागात बसते.

ते हप्ते नव्हते, ते कर्ज होतं. माझ्या नावावर, एका फायनान्स कंपनीचं. कंपनीने क्लासला पैसे सुरुवातीलाच देऊन टाकले आणि मी पुढचे चोवीस महिने कंपनीची देणेकरी झाले. क्लासने शिकवलं काय, नाही शिकवलं काय, दर महिन्याच्या ५ तारखेला माझ्या खात्यातून ६,००० जाणार.

ते डेमोवाले सर पुन्हा दिसले नाहीत. चौकशी केल्यावर कळलं, त्यांचं काम फक्त डेमो घेण्याचं, आज इथे, उद्या कोथरूडला, परवा हडपसरला. शिकवायला येत ती इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची मुलं. मुलं वाईट नव्हती. एकाने तर लेकीला सांगितलं होतं, “मलाही हे चॅप्टर नीट येत नाही, आपण दोघं गाइड बघू.” त्याच्या प्रामाणिकपणाचं मला आजही कौतुक वाटतं, त्याला तासाचे किती मिळत असतील देव जाणे.

एवढंच असतं तर मी दोन महिन्यांत ओरडले असते. ओरडले नाही, कारण दर रविवारी रात्री नऊला मेसेज यायचा. ‘आपल्या पाल्यास आजच्या टेस्टमध्ये १०० पैकी ५४ गुण.’ पुढच्या वेळी ६१. मग ६६, ७०, ७७. नवऱ्याला दाखवायचे, बहिणीला फॉरवर्ड करायचे. सव्वा वर्षात तो आकडा एकदाही खाली आला नाही. आमच्याकडे ऑडिटच्या वेळी ज्या खात्यात एकही चूक, एकही उशीर दिसत नाही ते खातं आम्ही सगळ्यात आधी उघडतो. घरच्या खात्याला तो नियम लावायचं सुचलं नाही.

मार्क कसे वाढत होते ते ऐका. शनिवारी ‘रिव्हिजन’ असायची. फळ्यावर बारा उदाहरणं सोडवून द्यायचे आणि सांगायचे, हे आयएमपी आहेत. रविवारच्या पेपरात तीच बारा. आकडेसुद्धा तेच. तपासलेला पेपर घरी द्यायचे नाहीत, ‘पॉलिसी’ म्हणून. लेकीला यात काही चुकीचं वाटत नव्हतं. “सगळेच क्लास आयएमपी काढून देतात गं आई.” तिने खोटेपणा केला नाही. तिला जे पाठ करायला दिलं ते तिने पाठ केलं, आणि मी शाबासकी दिली.

२०२४ च्या ऑक्टोबरात कॉलेजच्या सहामाहीत तिला ५० पैकी १९ पडले. त्याच महिन्यात क्लासचा मेसेज ८८ चा. क्लासमध्ये जाऊन विचारलं तर उत्तर तयार होतं: कॉलेजवाले मुद्दाम कडक तपासतात, मुलांनी बोर्डाच्या आधी घाबरावं म्हणून. मला हे पटलं. पटवून घ्यायचं होतं म्हणून पटलं.

दिवाळीत तळमजल्यावरचे सर फराळाला आले. एका ज्युनिअर कॉलेजातून निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झालीत. त्यांनी सहज लेकीची वही मागितली. एक उदाहरण होतं: एक भागिले एक्स स्क्वेअर प्लस ४ एक्स प्लस १३, याचं इंटिग्रेशन. तिने सुरेख सोडवलं होतं. खाली पूर्ण वर्ग केला, एक्स प्लस २ चा वर्ग अधिक ३ चा वर्ग, आणि उत्तर टॅन इन्व्हर्समध्ये. सर म्हणाले, छान. मग पेन घेऊन त्यांनी १३ मधला १ खोडला. राहिले ३.

लेकीने पुन्हा टॅन इन्व्हर्सच लिहिलं.

सरांनी मला चकलीचं ताट बाजूला करायला लावून समजावलं. १३ होते तेव्हा पूर्ण वर्ग केल्यावर ९ उरले, तेही अधिक. ३ झाल्यावर उरतो १, तोही वजा. चिन्ह बदललं की सूत्रच बदलतं. उत्तर टॅन इन्व्हर्स नाही, लॉगमध्ये येतं: अर्धा गुणिले लॉग, आत एक्स प्लस १ भागिले एक्स प्लस ३. मग ते लेकीला म्हणाले, “तुझं उत्तर बरोबर आहे का ते कसं बघशील?” ती म्हणाली, “मागे उत्तरसूची असते.” सरांनी डोळे मिटले. मग शांतपणे सांगितलं, “बाळा, उत्तराचं डिफरन्शिएशन कर. मूळ फंक्शन परत आलं तर बरोबर, नाही आलं तर चूक. इंटिग्रेशनमध्ये उत्तरसूची लागत नाही.” पंधरा महिने ॲडव्हान्स मॅथ्सचा क्लास केलेल्या मुलीला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मला गणित येत नाही, पण आकडा बदलून देणं मलाही जमलं असतं. ज्यांना शंका असेल त्यांनी क्लासच्या वहीतलं कुठलंही उदाहरण घ्यावं, एक आकडा किंवा एक चिन्ह बदलावं आणि मुलाला सोडवायला द्यावं. बरोबर की चूक ते कुठल्याही इंजिनीअरिंगच्या मुलाकडून तपासून घेता येतं. आणि तपासलेले पेपर घरी मागा. जो क्लास पेपर देत नाही त्याच्या मार्कांना मी आता शून्य धरते.

नोव्हेंबरअखेर आम्ही क्लास बंद केला. तोवर पंधरा हप्ते, म्हणजे ९०,००० गेले होते, ५४,००० बाकी. क्लास म्हणाला, फायनान्सवाल्यांशी बोला. फायनान्सवाले म्हणाले, आमचा शिकवण्याशी संबंध नाही, क्लासशी बोला. हप्ता थांबवला असता, पण माझ्या नोकरीत सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, बिघडणं म्हणजे नाक कापून घेणं. तेव्हा हप्ते चालू ठेवले. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी पाठवलं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, तेही केलं. तिथून एवढंच झालं की कंपनीने कर्जाचे सगळे कागद मला दिले. त्यात क्लासला पैसे कधी आणि किती गेले ते छापून आलंय, आणि तोच कागद आता उपयोगी पडतोय.

क्लासच्या मालकांना मी जानेवारी २०२४ ची केंद्राची कोचिंगबाबतची मार्गदर्शक तत्त्वं दाखवली. विद्यार्थ्याने मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी असं त्यात लिहिलंय. ते हसून म्हणाले, “मॅडम, ती गाइडलाइन आहे, कायदा नाही.” दुर्दैवाने त्यात तथ्य आहे. ती राज्यांना दिलेली तत्त्वं आहेत, नुसता कागद नाचवून पैसे मिळत नाहीत. मग त्यांनी पावती दाखवली: ‘एकदा भरलेली फी परत मिळणार नाही’, खाली माझी सही. त्याच पावतीवर मला घरी आल्यावर दुसरं काही दिसलं. ‘फी जीएसटीसह’ असं लिहिलंय, पण जीएसटी नंबरच नाही. क्लासच्या फीवर १८ टक्के जीएसटी असतो, म्हणजे माझ्या रकमेत जवळजवळ २२ हजार. ते सरकारला पोचले की नाही, कोण जाणे. हा मुद्दा पत्रात लिहिल्यावर मात्र मालकांचा फोन अर्ध्या तासात आला. वीस हजार देतो, विषय संपवू. मी नाही म्हटलं. नवऱ्याच्या मते घ्यायला हवे होते, आणि काही रात्री मलाही तसं वाटतं.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. क्लासने तिथे उत्तरच दिलं नाही. शेवटी मार्च २०२५ मध्ये जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, फक्त प्रकार घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तारखा पडताहेत.

तक्रारीत सगळ्यात वर मी एक स्क्रीनशॉट लावलाय. क्लास सोडल्यानंतरचा रविवार, ८ डिसेंबर २०२४. आम्ही सगळे सासवडला मावसबहिणीच्या लग्नात होतो, लेक हातावर मेंदी घेऊन पंगतीत वाढत होती. रात्री नऊला मेसेज आला: ‘आपल्या पाल्यास आजच्या टेस्टमध्ये १०० पैकी ९२ गुण. अभिनंदन!’

लेकीचं म्हणाल तर तळमजल्यावरच्या सरांनी तिला अडीच महिने शिकवलं. सुरुवात अकरावीच्या त्रिकोणमितीपासून केली. क्लासने अकरावी जवळजवळ सोडूनच दिली होती, आणि सीईटीत वीस टक्के अकरावीवर असतं. बालभारतीची दोन्ही पुस्तकं, भाग एक आणि भाग दोन, ई-बालभारतीवर फुकट उतरवता येतात, सरांनी त्याबाहेर काही वापरलंच नाही. मागच्या वर्षांचे बोर्डाचे पेपर मी अप्पा बळवंत चौकातून आणले. पैसे घ्यायला सर तयार नव्हते, ओल्या नारळाच्या करंज्या तेवढ्या घेतल्या. मे महिन्यात निकाल लागला, गणितात ६८. लेखी ८० पैकी ४८ आणि प्रात्यक्षिकाचे २०. ती आता बी.एस्सी.ला आहे, आणि तिथे गणित तिने स्वतःहून घेतलंय, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

शेवटचा हप्ता ५ ऑगस्ट २०२५ ला गेला. परवा त्या रस्त्याने आले तर साडीच्या दुकानाच्या वरचा बोर्ड बदललेला दिसला. नाव नवं, रंग नवा, जिना तोच. फोटोतली दोन मुलंही तीच.

२०२३ ते २०२५ च्या बॅचमधल्या ज्या पालकांना रविवारचे मेसेज येत होते, त्यांनी ते डिलीट करू नका. क्लास सोडल्यानंतरही कुणाला मार्क आले असतील तर तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा. आयोगात एकट्या बाईचा एक मेसेज ‘सिस्टिमची चूक’ ठरवायचा प्रयत्न चालू आहे.