मिरजेतील सिस्टरांची गुरुवारची बैठक: दीड वर्षाच्या अनुभवानंतरचा अभिप्राय

मिसळीच्या तर्रीवर चार परिच्छेद लिहिणारे आपण लोक, घरातल्या माणसाची दारू सोडवण्यासाठी जी सेवा घेतली तिच्याबद्दल मात्र एक ओळही लिहीत नाही. कारण उघड आहे. अभिप्राय लिहायचा म्हणजे घरात काय चालले होते ते आधी कबूल करावे लागते. मी निवृत्त शिक्षिका आहे, सांगलीत राहते, आणि माझा धाकटा भाऊ मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी आहे. तो अठरा वर्षे पीत होता. गेले दीड वर्ष आम्ही दोघे दर गुरुवारी मिरजेला एका कॅथलिक सिस्टरांच्या बैठकीला जातो. या बैठकीला फलक नाही, जाहिरात नाही, आणि सिस्टरांचे नाव छापू नये असे त्यांचेच सांगणे असल्यामुळे मीही ते देत नाही. मिरज स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांना मात्र ‘सिस्टरांची बैठक’ एवढे सांगितले तरी पुरते, कारण त्यांच्यापैकी दोघे-तिघे स्वतःच तिथे बसलेले असतात.

या बैठकीची तुलना ज्याच्याशी करायची ते आधी सांगते. आम्ही भावाला पूर्वी एका निवासी केंद्रात ठेवले होते. पहाटे चार माणसे गाडी घेऊन आली आणि त्याला अंथरुणातून उचलून घेऊन गेली. त्याची संमती विचारली नव्हती आणि आम्हीही तो प्रश्न केला नाही. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घेतले, फोन फक्त रविवारी आणि तोही शेजारी माणूस उभा असताना. तो परत आला तेव्हा वजन वाढले होते, चेहरा स्वच्छ झाला होता, आणि चौथ्या दिवशी तो प्यायला. त्यानंतर मी एक गोष्ट केली जी लिहिताना आजही हात अडखळतो. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशी जाहिरात वाचून मी पुड्या मागवल्या आणि जवळपास महिनाभर त्याच्या चहात घातल्या. त्यांत काय होते ते पाकिटावर लिहिलेले नव्हते. पुढे डॉक्टरांनी समजावले की दारूची घृणा आणणारे डायसल्फिराम हे खरे औषध असले, तरी ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर उलट्या, धडधड आणि रक्तदाब एकदम खाली येणे असे प्रकार जिवावर बेतू शकतात, आणि म्हणून ते रुग्णाला पूर्ण कल्पना देऊनच देतात.

सिस्टरांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी आम्हाला आत घेतलेच नाही. वसईकडच्या किंचित हेल काढणाऱ्या मराठीत त्यांनी भावाला दोनच प्रश्न विचारले: सकाळी उठल्यावर पहिली किती वाजता घेता, आणि मागे कधी एकदम सोडली होती तेव्हा काय झाले. तो म्हणाला, “तिसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या आणि मी चादरीतून दोरे ओढत बसलो होतो.” ते ऐकताच त्यांनी वही मिटली आणि आम्हाला थेट मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवले. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली तर दोन ते चार दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि योग्य उपचार न मिळाल्यास माणूस दगावूही शकतो. तेवढा काळ औषधे, बी-१ जीवनसत्त्व आणि देखरेख लागते, ती गरज प्रार्थनेने किंवा निर्धाराने भागत नाही. आपल्या सेवेची हद्द कुठे संपते हे पहिल्याच भेटीत सांगणारे माणूस मला या क्षेत्रात तोपर्यंत भेटले नव्हते. दहा दिवसांनी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गेलो तेव्हा दार उघडले.

बैठक संध्याकाळी सात वाजता एका जुन्या घराच्या माडीवर भरते. सतरंज्या, स्टीलचे पेले, कोपऱ्यात पत्र्याचा डबा, ज्यात कोणी दहा रुपये टाकतो आणि कोणी काहीच टाकत नाही. तीसेक माणसे असतात, आणि इथला मुख्य नियम असा की पिणाऱ्याबरोबर त्याच्या घरातले किंवा गल्लीतले एक माणूस आलेच पाहिजे. कोणाची बायको येते, कोणाचा मालक, एकाचा तर ज्याच्याकडे उधारी थकली होती तो किराणा दुकानदार येतो. बोलण्याची पद्धत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या चळवळीची: आपले आपण सांगायचे, दुसऱ्याला उपदेश करायचा नाही, हिशेब आजच्या दिवसाचा ठेवायचा. ती चळवळ १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन या गावी सुरू झाली, आणि तिच्या सुरुवातीच्या वर्षांत सिस्टर इग्नेशिया नावाच्या एका जोगिणीचा मोठा हात होता, हे मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हते. ॲक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्याकडे रुग्ण दाखल करून घेण्याचे काम होते. दारुड्यांना खाट द्यायला रुग्णालये तयार नसत, तेव्हा ऑगस्ट १९३९ मध्ये त्यांनी या चळवळीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या डॉ. बॉब स्मिथ यांच्या एका रुग्णाला जठरदाहाचा रुग्ण म्हणून दाखल केले आणि रुग्णांसाठी आलेली फुले ठेवण्याच्या खोलीत त्याची सोय केली. बरे होऊन घरी जाणाऱ्याला त्या येशूच्या पवित्र हृदयाचा एक छोटा बिल्ला देत, आणि अट एकच घालत: पुन्हा पिण्याची वेळ आली तर आधी हा बिल्ला मला आणून परत द्यायचा.

आपल्या मिरजेच्या सिस्टरांनी ही अट तशीच ठेवली आहे, फक्त बिल्ला बदलला आहे. त्यांच्या सतरंजीवर वारकरी बसतात, दर्ग्यावर जाणारे बसतात, चर्चला जाणारी दोन कुटुंबे बसतात आणि कशालाच न मानणारा एक निवृत्त पोस्टमनही बसतो. त्या सगळ्यांना चालेल अशी वस्तू म्हणून त्या तंबोऱ्याचा मणी देतात. तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीच्या खाली तारेत ओवलेला, वरखाली सरकवून सूर बारीक जुळवायचा तो मणी. हे मणी देणारे चाचा तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांपैकी आहेत आणि नऊ वर्षांपूर्वी तेही या बैठकीत प्रथम ‘आणले गेलेले’ म्हणूनच आले होते. जवारी काढणे, म्हणजे घोडी घासून तारेचा झंकार जुळवणे, हे कसे करतात ते त्यांनी मला एकदा दुकानात दाखवले. घोडीच्या पृष्ठभागावर कानस इतकी हलकी फिरवायची की निघालेली भुकटी बोटाला जाणवेल पण डोळ्याला दिसणार नाही. मग तार छेडायची, तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, ऐकायचे, पुन्हा कानस. “सकाळी हात थरथरायचा, म्हणून हात थांबवायला प्यायचो,” ते म्हणाले, “आणि प्यायल्यावर हात थांबायचा, पण कान जायचा.” व्यसनाचे इतके नेमके वर्णन मी कोणत्याही माहितीपत्रकात वाचलेले नाही.

पुड्यांची गोष्ट मी तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी सिस्टरांना एकटीने सांगितली. त्या रागावल्या नाहीत. “बाई, त्याला सांगितलंत का?” एवढेच विचारले. मी नाही म्हटल्यावर त्या गप्प राहिल्या, आणि ती शांतता मला इतकी असह्य झाली की पुढच्या बैठकीत मी सर्वांसमोर भावाकडे वळून ते सांगितले. त्याने बराच वेळ सतरंजीचा दोरा बोटाला गुंडाळला. मग म्हणाला, “ताई, मला वाटायचं चहाच कडू व्हायला लागलाय.” काही लोक हसले, तोही हसला. त्या दिवसापासून आमच्या घरात त्याची खिसेतपासणी बंद आहे. इतर ठिकाणी ज्याला कुटुंबाचे समुपदेशन म्हणतात ते इथे असे होते.

आता ज्या भागाबद्दल माझी सुरुवातीपासून तक्रार होती तो. बैठकीची शेवटची वीस मिनिटे सिस्टर शांततेच्या कामासाठी घेतात, आणि मला ती वेळ वाया जाते असे वाटे. दर ६ ऑगस्टला, हिरोशिमावर १९४५ साली बॉम्ब पडला त्या दिवशी, त्या चार-सहा जणांना घेऊन चौकात तासभर मूकपणे उभ्या राहतात. अमेरिकेत मेगन राइस या ८२ वर्षांच्या सिस्टर २०१२ साली कुंपणे कापून अणुबॉम्बच्या युरेनियमच्या कारखान्यात शिरल्या आणि त्यासाठी तुरुंगात गेल्या, हे त्या कौतुकाने सांगतात. दारूने मोडलेल्या माणसापुढे अणुबॉम्बचा विषय काढून काय साधणार, असे मी एकदा बोलूनही दाखवले. उत्तरादाखल त्यांनी चाचांना त्यांच्याच धंद्याची गोष्ट सांगायला लावली. मिरजेत तंतुवाद्ये घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांची. हत्यारांचे दिवस सरल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तेच हात सतार-तंबोऱ्याकडे वळवले, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. गोष्ट चांगली होती, पण माझे समाधान तेवढ्याने झाले नाही.

ते झाले गेल्या अनंत चतुर्दशीला. मिरजेची विसर्जन मिरवणूक, तिच्या स्वागत कमानी आणि दुसरा दिवस उजाडेपर्यंत चालणारी गर्दी सगळ्यांना माहीत आहे; २००९ साली गणेशोत्सवातल्या कमानीवरून इथे दंगल पेटली आणि तिची झळ सांगली-कोल्हापूरपर्यंत गेली, हेही लोक विसरलेले नाहीत. त्या रात्री सिस्टरांची माडी रात्रभर उघडी असते. मिरवणुकीत फिरणारी बाटली हा दारू सोडलेल्यासाठी वर्षातला सर्वांत अवघड प्रसंग, म्हणून ज्याला धीर सुटेल असे वाटते त्याने तिथे यायचे, चहा करायचा, भांडी घासायची. बाकीचे दोघादोघांच्या जोडीने दोन वस्त्यांच्या मधल्या कोपऱ्यांवर उभे राहतात. जोडीतला एक या वस्तीतला, एक त्या. पहाटे दोनच्या सुमारास एका कोपऱ्यावर धक्काबुक्की सुरू झाली. माझा भाऊ आणि एक रिक्षावाला मध्ये गेले. त्या पोरांतला सर्वांत जास्त प्यायलेला कोण हे भावाने एका नजरेत ओळखले, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला वडापावच्या गाडीकडे चालवत नेले. बाकीची आपोआप पांगली. अठरा वर्षांच्या पिण्यातून माझ्या भावाने एवढे ज्ञान मिळवले होते आणि ते कोणाच्या उपयोगी पडेल असे आम्हा कोणाला कधी वाटले नव्हते. तरीही ती वीस मिनिटे दहा करावीत हे माझे मत कायम आहे.

उणिवा आहेत, आणि काही गंभीर आहेत. सात ही वेळ बाजारातल्या माणसाला गैरसोयीची आहे. हळदीच्या हंगामात भावाचे गुरुवार बुडतात. माडीचा जिना अंधारा आणि उभा आहे. गल्लीच्या भरवशावर चालणाऱ्या सेवेत गुप्तता टिकवणे अवघड असते. नियम कितीही कडक असला तरी किराणा दुकानदाराने ऐकलेले त्याच्या बायकोपर्यंत जातेच, आणि एका शिक्षकाने याच कारणाने येणे सोडले. स्वतः व्यसनात अडकलेल्या स्त्रियांसाठी वेगळी बैठक नाही, आणि पुरुषांनी भरलेल्या या खोलीत कोणती स्त्री तोंड उघडेल, हा प्रश्न मी तीनदा विचारला आहे; ‘करू या’ हे उत्तर तीनदा मिळाले आहे. मोबाइलवरच्या जुगारात अडकलेली तरुण मुले आता येऊ लागली आहेत, त्यांच्यापुढे ही पद्धत सध्या तरी चाचपडते आहे. आणि सगळा डोलारा एका वयस्क बाईंवर उभा आहे, ही माझी सर्वांत मोठी चिंता होती.

ज्यांना निवासी उपचारांचीच गरज आहे त्यांनी या बैठकीला पर्याय समजू नये. पुण्यात १९८६ साली अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण आहे, तिथे पत्नींसाठी ‘सहचरी’ गटही आहे. १४४४६ या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करून जवळच्या सोयीची चौकशी करता येते. परंतु २०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळतात. उरलेले ३७ आपल्या गल्लीतच असतात, आणि मिरजेसारख्या गावात, जिथे शस्त्रक्रियेसाठी कर्नाटकातून माणसे येतात, तिथेही त्यांच्यासाठी पायी जाता येईल अशी जागा मला ही एकच सापडली. पहिल्या खेपेला जाताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि घरचे एक माणूस बरोबर न्यावे. पैशांची काळजी करू नये.

भावाने आतापर्यंत मणी दोनदा परत केला आहे, आणि दोन्ही वेळा पिऊन झाल्यावर. तिसरा मणी त्याच्या सायकलच्या किल्लीला आहे. गेल्या महिन्यात दुकानात हिशेबावरून वाद झाला तेव्हा तो प्रथमच पिण्याआधी मणी परत द्यायला निघाला. मिरजेला पोहोचला तर माडीला कुलूप. सिस्टर वसईला गेल्या होत्या. मग तो चाचांच्या दुकानात गेला. चाचांनी मणी हातात घ्यायला नकार दिला, मंगळवेढ्याकडून आलेला एक वाळलेला भोपळा त्याच्यापुढे सरकवला आणि पॉलिश पेपर हातात दिला. रात्री साडेदहाला तो घरी आला तेव्हा कोपरापर्यंत भुकटीने माखला होता.