‘९९९ पासून’ : केस रंगवण्याचे बिल ५,६०५ रुपये कसे झाले

गेल्या डिसेंबरमध्ये, पुतण्याच्या लग्नाला चार दिवस उरले असताना, मी कोथरूडमधील एका सलूनमध्ये भांगातले पांढरे केस रंगवून घेण्यासाठी गेले. हजार रुपयांत काम होईल असे धरून गेले होते. बाहेर पडताना ५,६०५ रुपये देऊन पडले. लग्नसराईत माझ्यासारख्याच घाईत असणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून ही रक्कम टप्प्याटप्प्याने कशी वाढत गेली ते तपशिलाने लिहीत आहे.

माझे नेहमीचे पार्लर चालवणाऱ्या ताई गावी गेल्या होत्या, त्यामुळे नवीन ठिकाण शोधणे भाग होते. या सलूनच्या काचेवर मोठ्या आकड्यांत ‘रूट टचअप ९९९’ असे लिहिलेले होते. त्या आकड्याच्या खाली उजवीकडे, औषधाच्या बाटलीवर सूचना छापतात तेवढ्या टाइपात, ‘पासून’ हा शब्दही होता; तो मला परत निघताना दिसला. आत दरपत्रक कोठेही लावलेले नव्हते. काउंटरवरच्या मुलीला मी “नऊशे नव्व्याण्णवच ना?” असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, “तिथून सुरू होतं मॅडम, सर केस बघून सांगतील.” हे ‘सर’ म्हणजे पंचविशीचा एक अतिशय नम्र मुलगा होता आणि त्याने केस पाहिले खरे, पण दर काही सांगितला नाही. शेपटीच्या कंगव्याने भांग पाडून त्याने एवढेच विचारले, “अमोनिया-फ्री करू ना? तुमचे केस नाजूक आहेत.” मी “करा” म्हणाले. अमोनियाविरहित रंगाचा दर वेगळा असतो हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

उजव्या बाजूला रंग लावून झाल्यावर त्याने वाटी दाखवली. वाटी रिकामी झाली होती. “केस दाट आहेत मॅडम, अजून एक ट्यूब लागेल.” चोपन्नाव्या वर्षी आपले केस दाट आहेत हे ऐकून कोणाला वाईट वाटेल? वास्तविक रूट टचअपमध्ये फक्त नव्याने वाढलेल्या इंच-दीड इंच मुळांनाच रंग लावायचा असतो, आणि एवढ्यासाठी दुसरी ट्यूब का लागावी हा प्रश्न मला घरी पोहोचल्यावर सुचला. त्या क्षणी मात्र अर्ध्या डोक्याला रंग आणि अंगावर काळे कापड अशा अवस्थेत मी बसले होते, आणि अशा अवस्थेतला माणूस घासाघीस करू शकत नाही. संपूर्ण व्यवहाराची मेख येथेच आहे. काम सुरू होण्यापूर्वी दराविषयी कोणी बोलत नाही आणि उठून जाणे अशक्य झाले की मग एकेक जादा गोष्ट पुढे येते. तिसरी गोष्ट केस धुताना आली. मान मागे बेसिनवर टेकलेली, डोळे मिटलेले, कानाशी पाण्याचा आवाज, आणि वरून प्रश्न, “केस खूप ड्राय आहेत, कलरनंतर तुटतील, एक प्रोटेक्शन करून देऊ?” मी “हं” म्हणाले. त्या एका ‘हं’ची किंमत १,८०० रुपये होती.

काउंटरवर मला हाताने लिहिलेली चिठ्ठी मिळाली. अमोनियाविरहित रूट टचअप १,८५०, जादा ट्यूब ४५०, संरक्षक उपचार १,८००, धुणे व ब्लो-ड्राय ६५०, म्हणजे एकूण ४,७५०. त्यावर १८ टक्के जीएसटी ८५५. केस धुऊन वाळवण्याचेही वेगळे पैसे लागतात, म्हणजे रंग डोक्यावर तसाच ठेवून घरी गेले असते तर ६५० रुपये वाचले असते! छापील बिल मागितले, तर “सिस्टिम बंद आहे, व्हॉट्सॲपवर पाठवतो” असे उत्तर मिळाले. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर सलूनच्या नावाऐवजी एका व्यक्तीचे नाव दिसले, तरीही घरी पाहुणे येणार होते म्हणून मी पैसे भरले. बिल आले नाही ते नाहीच.

ती चिठ्ठी जाऊबाईंच्या मुलीने पाहिली. ती सीएच्या परीक्षेची तयारी करते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनच्या सेवांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, हे तिने मला सांगितले. म्हणजे कर २३७ रुपये ५० पैसे व्हायला हवा होता. माझ्याकडून ६१७ रुपये ५० पैसे जास्त घेतले गेले होते. शिवाय ज्याची जीएसटी नोंदणीच नाही त्याला हा कर ग्राहकाकडून घेताच येत नाही आणि नोंदणी असेल तर बिलावर पंधरा अक्षर-अंकांचा क्रमांक असावाच लागतो. महाराष्ट्रातील नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकून तपासता येतो.

लग्न पार पडल्यावर मी चिठ्ठी, यूपीआयची पावती आणि काचेवरच्या फलकाचा फोटो घेऊन पुन्हा गेले. व्यवस्थापकांनी “टॅक्स सरकारला जातो, आमच्या हातात काही नाही” असे सांगितले, परंतु क्रमांकासह बिल द्यायला ते तयार नव्हते. मागूनही बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. सुमारे अडीच आठवड्यांनी सलूनमधून फोन आला आणि १,०९० रुपये परत मिळाले : जास्तीचा कर, आणि ट्यूबचे ४५० रुपये त्यावरच्या करासह. रंगाचा वाढीव दर आणि ते १,८०० रुपये मात्र मिळाले नाहीत, कारण दोन्हींना मी होकार दिला होता. चुकीचा कर आणि न दिलेले बिल ही सरळसरळ लबाडी होती. उरलेल्या रकमेत माझा गाफीलपणाही आहे, हे मला मान्य करावे लागते. दर न सांगता मिळवलेला होकार हा खरा होकार नव्हे असे माझे आजही मत आहे, पण ते सिद्ध करण्यासाठी माझ्याजवळ लेखी काहीच नव्हते.

पुरुषांनी हे फक्त बायकांचे दुखणे समजू नये. माझ्या यजमानांनी दीडशे रुपयांच्या कटिंगला जाऊन ‘डी-टॅन’सह (चेहऱ्याचा उन्हाने आलेला काळपटपणा काढण्याचा लेप) सहाशे रुपये दिलेले आहेत. स्मूदनिंग किंवा केराटिन, म्हणजे केस सरळ-मऊ करण्याचे उपचार, करून घेणाऱ्या मुलींनी तर अधिक सावध राहावे, कारण जाहिरातीतला दर बहुधा खांद्यापर्यंतच्या केसांचा असतो आणि आपल्या केसांची ‘लेंथ’ खुर्चीत बसल्यानंतर मोजली जाते.

आता मी जाण्यापूर्वीच व्हॉट्सॲपवर संदेश पाठवते : “रूट टचअप, अमोनियाविरहित, कमरेच्या वर चार बोटे केस, धुणे-वाळवणे आणि जीएसटी धरून एकूण किती? छापील बिल मिळेल ना?” सोबत केसांचा पाठमोरा फोटो जोडते. जानेवारीत तीन ठिकाणी असा संदेश पाठवला होता. दोघांनी आकडा कळवला. तिसरीकडून उत्तर आले, “मॅडम, तुम्ही या तर खरं, मग बघू.” तेथे मी गेले नाही.