विल्यम द ब्रोझ: एका सीमासरदाराचे आठ भागांतील श्राव्य चरित्र

साखळी ते पणजी हा माझा रोजचा बसप्रवास येऊन-जाऊन अडीच तासांचा असल्यामुळे मी गेल्या वर्षी एका मराठी श्राव्य-पुस्तक ॲपची वर्गणी भरली, आणि पावसाळ्यात तेथे आलेले विल्यम द ब्रोझ या बाराव्या शतकातील नॉर्मन (म्हणजे फ्रान्समधील नॉर्मंडीहून इंग्लंडात आलेल्या घराण्यातील) सीमासरदाराचे आठ भागांचे चरित्र दोनदा ऐकले. दुसऱ्यांदा ऐकले ते आवडले म्हणून, आणि काही ठिकाणी निवेदकाशी वाद घालावासा वाटला म्हणूनही.

नॉर्मंडीतील ब्रिऊझ हे या घराण्याचे मूळ गाव आणि ससेक्समधील ब्रॅम्बर हे इंग्लंडमधील ठाणे; पण विल्यमची खरी ताकद वेल्सच्या सरहद्दीवर होती. पहिले दोन भाग ही सरहद्द म्हणजे काय हे समजावण्यात जातात, आणि संपूर्ण मालिकेत इतके स्वच्छ विवेचन पुन्हा कोठे नाही. या पट्ट्यात राजाचा हुकूमनामा चालत नसे. सरदार कोणाची परवानगी न घेता गढी बांधी, आपल्या नावाने न्यायनिवाडा करी आणि वेल्श राजांशी लढाई पुकारताना लंडनकडे पाहत नसे, कारण हा मुलूख आपल्या पूर्वजांनी तलवारीने मिळवला आहे असा त्याचा दावा असे. गोव्यातील सत्तरी भागातल्या, पोर्तुगीजांविरुद्ध उठाव करणाऱ्या राणे सरदारांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आमच्यासारख्यांना डोंगराच्या तोंडाशी बसलेला सरदार आणि दूरचे सरकार यांतील ओढाताण वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मात्र १८५२ मध्ये नाणूसचा किल्ला घेणारे दीपाजी राणे या मातीतले होते आणि ब्रोझ वेल्समध्ये परका जेता होता, त्यामुळे साम्य तेवढ्यावरच थांबते.

तिसरा भाग अ‍ॅबर्गाव्हेनीचा, म्हणजे वेल्समधील ब्रोझच्या किल्ल्याचा. ११७५ मध्ये ब्रोझने सायसिल अप डिव्नवाल आणि ग्वेंट या आग्नेय वेल्समधील प्रदेशातील इतर वेल्श प्रमुखांना आपल्या या किल्ल्यात बोलावले आणि त्यांची कत्तल केली. आपल्या मामाच्या खुनाचा सूड हे कारण त्याने पुढे केले. त्यानंतर त्याच्या माणसांनी सायसिलच्या घरी जाऊन त्याच्या लहान मुलालाही मारले. निवेदक हे सर्व आवाज न चढवता सांगतो, पार्श्वसंगीतही थांबते, आणि लगेच जेराल्ड ऑफ वेल्स या समकालीन धर्मोपाध्यायाने रंगवलेला ब्रोझ आपल्यासमोर येतो: पत्रांत देवाचे नाव पुन्हा पुन्हा घालायला लावणारा, आणि उलट आशीर्वाद मिळावा म्हणून रस्त्यातल्या मुलांना आपण होऊन अभिवादन करणारा. या दोन चित्रांची सांगड घालण्याचा आटापिटा लेखकाने केलेला नाही, याबद्दल त्याला पूर्ण गुण द्यावेत. ११८२ मध्ये वेल्श लोकांनी तोच किल्ला घेऊन हिशेब चुकता केला, हे मात्र एका वाक्यात उरकले आहे.

माझा मुख्य आक्षेप पाचव्या आणि सहाव्या भागांवर आहे. इंग्लंडचा राजा जॉन याने आधी या माणसाला डोक्यावर घेतले आणि मग मुळासकट उपटले, हे मालिका एखाद्या संगीत नाटकाच्या थाटात सांगते. दोघांच्या अहंकारावर तास खर्च होतो आणि पैशाला दोन मिनिटे मिळतात. वास्तविक १२०१ मध्ये जॉनने आयर्लंडमधील लिमरिकची जहागीर ब्रोझला पाच हजार मार्कांना दिली, हप्ता वर्षाला हजार मार्कांचा ठरला, आणि सहा वर्षे उलटली तरी त्याने एका वर्षाच्या हप्त्याइतकीही रक्कम भरली नव्हती. मार्क हे नाणे नव्हते, पौंडाचा दोन-तृतीयांश भाग मोजण्याचे ते हिशेबी माप होते, एवढे सांगितले असते तरी ऐकणाऱ्याला रकमेचा अंदाज आला असता. पुढे जॉनने आपली बाजू मांडणारे जे पत्रक काढले, त्याचा आधारही हेच कर्ज होते. म्हणजे राजाने सूड उगवला तो वसुलीच्या कागदावर शिक्का मारून, आणि मला तरी ही बाब दोघांच्या रागलोभापेक्षा कितीतरी भयंकर वाटते.

ब्रोझची पत्नी माटिल्डा हिला सहाव्या भागात जेमतेम वीस मिनिटे दिली आहेत. राजाच्या माणसांनी ओलीस म्हणून मुलगे मागितले तेव्हा, ज्या राजाने स्वतःच्या पुतण्याचा, आर्थरचा, खून केला त्याच्या हाती मी माझी मुले देणार नाही, असे ती म्हणाल्याचे वेंडोव्हरचा रॉजर या बखरकाराने लिहून ठेवले आहे. आर्थर १२०२ मध्ये फ्रान्समधील मिरबो येथे पकडला गेला तो ब्रोझच्याच हाती, त्यामुळे या वाक्याची धार निराळीच आहे. मालिकेने हा धागा जोडायला हवा होता. १२१० मध्ये ती आणि थोरला मुलगा कैदेत उपाशी मेले. हे विंडसरच्या किल्ल्यात घडले असे निवेदक ठामपणे सांगतो, परंतु जुन्या बखरकारांत काहीजण कॉर्फच्या किल्ल्याचे नाव घेतात. ब्रोझ स्वतः भिकाऱ्याच्या वेषात फ्रान्सला निसटला आणि १२११ मध्ये तेथेच वारला.

निर्मितीबद्दल थोडक्यात सांगायचे तर भाषा प्रासादिक आहे, 'सीमासरदार' हा शब्द कानाला लगेच रुळतो, पण नायकाचे आडनाव तीन भागांत तीन प्रकारे उच्चारले आहे. नकाशा ॲपमध्ये नखाएवढा दिसतो आणि मोठा होत नाही. डिचोलीच्या पुढे मोबाइलची रेंज गेली की भाग अर्ध्यावर अडकतो, म्हणून घरीच उतरवून घ्यावा.

आठवा भाग नातवाचा आहे. त्याचेही नाव विल्यमच. उत्तर वेल्समधील ग्विनेडचा राजा लिवेलिन याने १२३० मध्ये त्याला, आपल्या पत्नीच्या दालनात सापडल्यावरून, फासावर लटकवले. ती पत्नी, जोन, ही राजा जॉनची अनौरस मुलगी होती, हे निवेदक अगदी सहज, मधल्या एका वाक्यात सांगून पुढे जातो. माझी बस तेव्हा पणजीच्या स्थानकात शिरत होती आणि मी तो भाग मागे नेऊन पुन्हा लावला.