इम्युनिटी '४७ टक्के' निघाली आणि ४२,४४७ रुपये गेले

आधीच सांगतो, मी बँकेत ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली बहुतेक कॅश काउंटरवर. खोटी नोट नुसत्या बोटाला कळायची मला. त्यामुळे हे लिहायला लाज वाटतेय, मुलगा अजून टोमणे मारतो. पण परवा कळलं की आमच्याच कॉलनीतल्या अजून दोघांनी तोच इम्युनिटीचा किट घेतलाय, तेव्हा म्हटलं गेली लाज खड्ड्यात, लिहून टाकू.

आम्ही कराडला असतो. जानेवारीत जवळच्या एका हॉलमध्ये 'फुल बॉडी चेकअप, फक्त ९९ रुपये' असा कॅम्प लागला. पुढचं तुम्हाला माहितीच आहे. हातात धातूची दांडी धरायची, लॅपटॉपवर रंगीत रेघा धावतात आणि दीड मिनिटात लिव्हर, किडनी, हाडं, विटामिन सगळ्याचा तीसेक पानांचा रिपोर्ट बाहेर. सुई नाही, रक्त नाही. मी आणि मिसेस दोघं गेलो, १९८ रुपये.

आता ऐका, कारण यावर मी अजून रात्री जागा होतो. मशीनवरच्या पोराने (पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, तो कशाला होता देव जाणे) माझं नाव, वय, उंची, वजन टाकलं. रिपोर्ट आला, इम्युनिटी स्कोअर ७१, शेरा 'उत्तम'. मी खूश. मग वर बघितलं तर वय ३६ टाकलेलं. माझं ६३. आणि मीच, मी स्वतः, 'अहो आकडे उलटे पडलेत' म्हणून त्याला दाखवलं. त्याने सॉरी सर म्हणत दुरुस्त केलं, दांडी परत हातात दिली, आणि स्कोअर आला ४७, लाल रंगात, 'धोकादायक'.

रक्त तेच, माणूस तोच, पाच मिनिटांत ७१ चे ४७! ते मशीन काय बघत होतं हे शेंबड्या पोराला पण कळलं असतं. मला काय वाटलं माहितीये? बरं झालं आपण चूक पकडली, नाहीतर चुकीचा रिपोर्ट घेऊन घरी गेलो असतो. एकतीस वर्षं कॅश मोजली हो मी.

मिसेसचा स्कोअर ४२ आला. तिला आठ वर्षं झाली आमवात आहे, डॉक्टर आरए म्हणतात तो, बोटांचे सांधे सुजतात. त्यासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी चालू होती आणि ती बरी होती. पोराच्या वरचे एक 'सर' होते, ते म्हणाले वहिनी ही गोळी तुमची इम्युनिटी मारतेय, माझ्यावर विश्वास नको, मोबाईलवर बघा. मी तिथंच बघितलं. आणि खरंच तसं लिहिलेलं, ही गोळी प्रतिकारशक्ती दाबते म्हणून. धडधडीत खोटं असतं तर मी पकडलं असतं, पण हे अर्धं खरं होतं, आणि माणूस अशा अर्ध्या खऱ्यालाच फसतो. करोनात दोन वर्षं आपण सगळ्यांनी इम्युनिटी इम्युनिटी ऐकून काढे ढोसले, त्यात बायको रोज दुखतंय म्हणते, मुलगा लांब पुण्याला, मी काय करायला पाहिजे होतं?

कपल ऑफर २६,४०० रुपये, तीन महिन्यांचा किट. गुळवेल, अश्वगंधा, शेवग्याच्या पाल्याच्या कॅप्सूल, नोनी ज्यूस आणि गाईच्या चिकाची पावडर भरलेल्या कॅप्सूल. चिकाची! माझ्या मामाच्या गावाला म्हैस व्यायली की अख्ख्या गल्लीला खरवस फुकट मिळायचा, आणि मी त्याच्या ६० कॅप्सूल विकत घेतल्या. वर मॅग्नेटवाली चादर ३,८५०. सगळं त्या सरांच्या पर्सनल नंबरवर फोनवरून पाठवलं, बिल मागितलं तर एस्टिमेटचा कागद दिला. पंचेचाळीस दिवसांनी रिटेस्ट, माझे ५८, तिचे ५५. वाढणारच की, नाही वाढले तर पुढचं कोण घेणार! मग 'बूस्टर कोर्स' ११,९९९. एकूण ४२,४४७.

तोपर्यंत मिसेसची मेथोट्रेक्सेटची गोळी बंद करून दीड महिना झालेला. एके दिवशी सकाळी मिसेसला चहाचा कप उचलता येईना. मग दोन्ही मनगटं, मग गुडघा. सर फोनवर म्हणाले, घाबरू नका, हे विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे. यावर मी अजून नऊ दिवस घालवले. शेवटी तिच्या जुन्या डॉक्टरांकडे नेलं, ते मला जे बोलले ते इथं लिहीत नाही. रक्ततपासण्या, सांध्यात इंजेक्शन, औषधं मिळून ६,७१५. म्हणजे सगळं धरून ४९,१६२ रुपये. आणि तिच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत, त्याचा हिशोब कुठं लिहायचा?

माझी भाची मिरजेला पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. तिला रिपोर्ट पाठवला तर पहिल्यांदा हसली, मग रडायच्या बेताला आली. म्हणाली, मामा, इम्युनिटीचा टक्का असा काही नसतोच हो. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या तपासणीत, पांढऱ्या पेशी मोजतात, साधारण चार ते अकरा हजार, त्या वर गेल्या म्हणजे माणूस पॉवरफुल झाला असं नाही, बहुतेकदा कुठंतरी इन्फेक्शन असतं, ऐंशी हजार निघाल्या तर रक्ताचा कॅन्सर तर नाही ना म्हणून आमची धावपळ होते. मग तिने मला समजेल असं सांगितलं, आणि ते माझ्याच धंद्यातलं निघालं.

शरीराचं काम म्हणजे खरी-खोटी नोट ओळखणं. आपलं कोण, परकं कोण. दारावर एक वॉचमनची फळी असते, कातडी, आतल्या पेशी, त्या अनोळखी दिसला की झोडतात, जास्त चौकशी नाही. सूज, ताप ते सगळं त्यांच्या मारामारीतलं. आत दुसरी फळी, बी पेशी आणि टी पेशी, त्या एकेक जंतू बारकाईने ओळखतात. पण पहिल्यांदा त्यांना वेळ लागतो, आठवडा, दहा दिवस. आमच्याकडे नव्या तऱ्हेची खोटी नोट आली की आधी आम्हीपण चाचपडायचो, एकदा खुणा कळल्या की पुढची जागेवर धरायची. शरीरपण तसंच लक्षात ठेवतं, म्हणून गोवर एकदा येऊन गेला की सहसा परत येत नाही. लस म्हणजे चोर यायच्या आधीच काउंटरवर लावलेला त्याचा फोटो.

आणि टी पेशींना ट्रेनिंग असतं. छातीच्या हाडामागे थायमस म्हणून ग्रंथी आहे, तिथं परीक्षा होते. ज्या आपल्याच शरीराच्या अंगावर जातात त्यांना तिथंच संपवतात, बहुतेक पेशी नापासच होतात. तरी काही निसटतात. मिसेसचं तेच झालंय, तिचा कॅशियर खऱ्या नोटा फाडत बसलाय, सांध्यांना शत्रू समजतोय. त्याला शांत करायला ती गोळी होती. आणि आम्ही त्या येड्याला गप्प बसवणारा माणूस काढला आणि वर २६,४०० खर्चून त्याला खुराक देत बसलो. त्या पुड्यांनी खरंच किती जोर आला देव जाणे, डॉक्टर म्हणाले गोळी तोडली तेवढंच पुरे होतं, पण आमवातात असले बूस्टर घ्यायचेच नाहीत.

(चिकाचंही भाची सांगते, वासराला पहिल्या दिवसभरात त्यातल्या अँटिबॉडी आतड्यातून रक्तात घेता येतात, म्हणून गाय तो देते. मी ६३ वर्षांचा आहे, वासरू नाही. माझ्या पोटात गेला की त्याचं पचून प्रोटीन होतं, खरवसाचं होतं तेच.)

आता तक्रारीचं ऐका. पोलीस स्टेशनला गेलो. 'पैसे स्वतःच्या हाताने दिले का? माल मिळाला का? मग फसवणूक कुठली काका, सिव्हिल मॅटर आहे.' ऑनलाईन दिलेत म्हटलं तर दुसऱ्या टेबलवर, तिथं 'ओटीपी सांगितला होता का?' नाही. 'मग हे आमच्यात बसत नाही.' म्हणजे ओटीपी सांगितला असता तर बरं झालं असतं! औषधांचं बघणाऱ्या सरकारी ऑफिसात गेलो, म्हणाले डब्यावर फूडचं लायसन्स आहे, हे औषधच नाही. फूडवाल्यांकडे गेलो, म्हणाले भेसळ आहे का? नाही ना? मग मशीनचं आम्ही काय करणार. मशीनचं कोण करणार, तर त्यावर त्यांनी पंख्याकडे बघितलं. चार हेलपाटे, एकदा 'साहेब मीटिंगला', एकदा जेवणाची सुट्टी सव्वातीनपर्यंत. १९५४ चा कायदा आहे आपल्याकडे, जादूटोणा छाप औषधांच्या जाहिरातींविरुद्ध, त्याच्या यादीत संधिवाताचं नाव घेऊन लिहिलंय, मी छापून घेऊन गेलो होतो. साहेबांनी तो कागद माझ्याकडूनच पहिल्यांदा बघितला असं मला वाटलं, म्हणाले जाहिरात कुठंय, पॅम्फ्लेट आणा. पॅम्फ्लेटवर चपात्या गुंडाळल्या गेल्या होत्या हो आमच्याकडे. तेव्हा पॅम्फ्लेट टाकू नका, फोटो काढून ठेवा, आणि बॅनरचा पण.

डब्यावरच्या फूड लायसन्सच्या चौदा आकडी नंबरला भुलू नका, तो फरसाणाच्या पुडीवर पण असतो. बिल नाही तर पैसे नाहीत, एस्टिमेट म्हणजे बिल नव्हे. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर मी तक्रार टाकलीय, नंबर आलाय, बघू. आणि कुणी कितीही गोड बोललं तरी चालू गोळी बंद करायची तर आधी ज्याने दिली त्याला विचारा. असा कॅम्प लागलाच आणि जायची फारच खाज असेल तर एक करा, मुद्दाम वय चुकीचं सांगा आणि काय येतं बघा.

काल सरांचा मेसेज आला, 'रिटेस्ट ड्यू आहे काका, फॉर्मसाठी वय कन्फर्म करा.'

मी ३६ लिहून पाठवलं.