गाडीतली हवेची गादी : सात महिने आणि एक बूच

छोट्या हॅचबॅकच्या मागच्या सीटवर बसणारी ही गादी नोव्हेंबरमध्ये घेतली. सोबत १२ व्होल्टचा पंप, किंमत १,८०० रुपये. मापं-बिपं सगळ्यांना ठाऊक आहेत. मला बोलायचंय ते तिच्या बुचाबद्दल.

पहिली रात्र चाचणी म्हणून ठाण्याच्या नौपाड्यात आमच्याच पार्किंगमध्ये काढली. येऊरला जावंसं वाटत होतं, पण ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, तिथे गाडी लावून झोपायचं कुठलं? रात्री बारा वाजता वॉचमनने काचेवर टॉर्च मारला. "साहेब, घरी काय झालं का?" हे वाक्य बायकोने पुढे आठवडाभर ऐकवलं. झोप मात्र उत्तम लागली.

डिसेंबरात कसारा घाट चढून, घोटीहून वळून भंडारदऱ्याला गेलो. पाण्याच्या कडेला तंबूवाल्याला गाडी लावायचे दोनशे दिले, संडास त्यातच. पहाटे दोनला कमरेला काहीतरी टोचलं. बघतो तर सीटबेल्टचं बक्कल! गादीची पार सतरंजी झालेली. हवा भरायच्या तोंडाचं वरचं बूच ज्या पट्टीने लटकतं ती पट्टी तुटलेली, आणि बूच गायब. आतली रबरी पापडी एकटी काही हवा धरेना. मोजा कोंबून पाहिला, तासभर टिकला. उरलेली रात्र पुढची सीट मागे पाडून, मान वाकडी करून.

घरी येऊन फोन केला. ग्राहक सेवेतल्या ताई म्हणाल्या, "थंडीत हवा आकसते, गादी नरम पडते, तो दोष नाही." अहो, आकसते हे मलाही माहीत आहे, पण बूच आकसून नाहीसं होत नाही! चार फोन झाल्यावर उत्तर आलं : बूच वेगळं मिळत नाही, नवी गादी घ्या, दहा टक्के सूट देऊ. म्हणजे करंगळीच्या टोकाएवढ्या रबरासाठी १,६२० रुपये. माझे वडील स्टोव्हच्या वायसरसाठी जांभळी नाका पालथा घालायचे, त्यांची फार आठवण आली.

इथवर जानेवारीत लिहून ठेवलं होतं, एक तारा देणार होतो. मग भाच्याचं खोडरबर घेतलं, ब्लेडने निमुळतं तासलं, भोवती सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि ठोकून बसवलं. साबणाचं पाणी लावून पाहिलं, एक बुडबुडा नाही. त्यानंतर अकरा रात्री झाल्या, गादी सकाळी तशीच टणक. कापड आणि शिलाई खरोखर चांगली आहे हे कबूल करावं लागतं. म्हणूनच जास्त राग येतो.

गादीवर थेट झोपू नका, खालची हवा गार पडते आणि पाठ गारठते. आम्ही गोधडी टाकतो. दोन माणसांच्या श्वासाने काचांवरून सकाळी पाणी ओघळतं, तेव्हा समोरासमोरच्या दोन काचा दोन बोटं उघड्या ठेवायच्या आणि दारांवर मच्छरदाणीचं कापड चिमट्यांनी लावायचं. एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, धुराचा विषारी वायू आत शिरला तर जाग येत नाही. छोटा यूएसबी पंखा २०,००० एमएएचच्या पॉवरबँकवर रात्रभर निघतो, गाडीच्या बॅटरीला हात लावू नये. मेमध्ये मात्र पंख्यानेही काही होत नाही, ठाण्याच्या उकाड्यात गाडी म्हणजे कुकर. घोडबंदर रोडला एकदा प्रयत्न केला आणि दीडला घरी परतलो. वॉचमन जागाच होता.

तीन तारे देतोय. परवा पुढच्या सीटची पट्टी साफ करताना रुळात अडकलेलं मूळचं बूच सापडलं. बसवून पाहिलं, सैल बसतं. खोडरबरच परत लावलंय, सुतळीने बांधून.